उपमान म्हणून यंत्र : प्राण्यांच्या वर्तनाचे वाचन आणि त्याची नीती

१

हिंगोली जिल्ह्याच्या शिवारात खरिपाच्या ऐन हंगामात दोन वस्तू सहज दृष्टीस पडतात. ज्वारीच्या रानात दोन काठ्यांच्या सांगाड्यावर फाटका सदरा चढवून, वर पालथे मडके ठेवून उभे केलेले बुजगावणे ही पहिली. कपाशीत गुलाबी बोंडअळीसाठी लावलेला कामगंध सापळा ही दुसरी. सापळ्यात मादी पतंगाच्या गंधाशी जुळणारे रसायन ठेवलेले असते; नर पतंग त्या गंधाच्या मागावर येतो आणि खालच्या पिशवीत अडकतो. एका वस्तूचे काम भिववण्याचे, दुसरीचे भुलवण्याचे. परंतु दोन्ही वस्तू तत्त्वतः एकाच जातीच्या आहेत. दोन्ही प्रतिरूपे आहेत आणि दोन्ही माणसाने प्राण्यासाठी रचलेली आहेत.

बुजगावण्यात माणसाचे फारच थोडे असते. त्याला नाक-डोळे नसले तरी चालते. पसरलेले हात आणि वाऱ्यावर हलणारी बाही मात्र लागते. म्हणजे बुजगावणे हे माणसाचे चित्र असले तरी ते पाखराच्या दृष्टीतून काढलेले चित्र आहे. पाखरू माणसाला कोणत्या खुणांवरून ओळखत असावे याचा शेतकऱ्याने बांधलेला तो अंदाज होय. काही दिवसांनी पाखरे त्याच मडक्यावर येऊन बसू लागतात, तेव्हा अंदाज अपुरा होता हेही सिद्ध होते. कामगंध सापळ्यात ही प्रक्रिया टोकाला गेलेली दिसते. तेथे मादीचा आकार नाही, रंग नाही, हालचाल नाही. केवळ गंध उरला आहे, आणि नराच्या येण्याला तेवढा पुरतो.

अलंकारशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर येथे प्रश्न साधारण धर्माचा आहे. मुख चंद्रासारखे आहे असे कवी म्हणतो तेव्हा चंद्राचे सर्व गुण मुखात असावेत अशी अपेक्षा नसते. आल्हाददायकता हा एक धर्म समान असला की उपमा उभी राहते. प्राण्याच्या जगात कोणता धर्म उपमेला पुरेसा ठरतो हे शोधण्यासाठीच निको टिनबर्गन यांनी लहानशा काटेरी माशांपुढे निरनिराळी प्रतिरूपे धरली होती. हुबेहूब माशासारखे, पण लाल पोट नसलेले प्रतिरूप नर माशांनी फारसे मनावर घेतले नाही. माशाशी जेमतेम साम्य असलेल्या, परंतु खालून लाल रंगवलेल्या ओबडधोबड तुकड्यावर मात्र ते तुटून पडले. टिनबर्गन, कोनराड लोरेंझ आणि कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळाले आणि प्राणिवर्तनाच्या अभ्यासाला ज्ञानशाखा म्हणून प्रतिष्ठा लाभली. बुजगावणे उभे करणाऱ्या अनामिक शेतकऱ्याची पद्धत याहून मुळात वेगळी नव्हती.

या परंपरेचे आजचे टोक म्हणजे प्राण्यांचे वर्तन समजून घेण्यासाठी बनविले जाणारे रोबो. बुजगावणे हलत नाही, रोबो हलतो. परिस्थितीला प्रतिसाद देतो. कधी कधी प्राण्यांच्या समूहात मिसळतोही. प्रस्तुत लेखाचा विषय या यंत्रांची रचना हा नाही. प्राण्यासारखे वागणारे यंत्र समोर ठेवून प्राण्याविषयी काय म्हणता येते, काय म्हणता येत नाही, आणि जे म्हणता येत नाही ते म्हटले गेल्यास त्याची नैतिक किंमत कोण मोजतो, हा त्याचा विषय आहे. साहित्यविचाराशी याचा संबंध दूरचा नाही. वर्तन हे संहितेसारखे असते. ते दिसते, त्याचा अर्थ मात्र लावावा लागतो.

२

प्रथम शब्दाविषयी. मराठीत ‘रोबो’साठी ‘यंत्रमानव’ हा शब्द रूढ झाला आणि त्याने माणसाला यंत्राच्या व्याख्येतच बसवून टाकले. रातकिड्याच्या किंवा झुरळाच्या यांत्रिक प्रतिरूपाला यंत्रमानव म्हणणे हास्यास्पद ठरते. मूळ शब्दाचा इतिहास अधिक बोलका आहे. कारेल चापेक यांच्या १९२० च्या नाटकातून तो जगभर गेला, आणि ज्या चेक शब्दापासून तो घडला त्याचा अर्थ वेठ असा आहे. वेठीला धरलेला जीव ही कल्पना रोबोच्या नावातच आहे, आणि वेठीला धरलेल्या जिवांची यादी करायची झाली तर माणसाच्या शेजारी पहिला उभा राहील तो बैल.

दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८-४९ च्या सुमारास, इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे ग्रे वॉल्टर या मेंदूशास्त्रज्ञाने दोन यांत्रिक कासवे तयार केली आणि त्यांना एल्मर आणि एल्सी अशी नावे दिली. प्रत्येकाच्या अंगात प्रकाशाला प्रतिसाद देणारा एक घटक आणि स्पर्शाला प्रतिसाद देणारा एक, एवढीच सामग्री होती. तरीही ती खोलीभर हिंडत, अडथळा आला की वळसा घालत, मंद प्रकाशाकडे जात आणि प्रखर प्रकाशापासून दूर होत. कासवाच्या पुढील भागावर छोटा दिवा बसवून त्याला आरशासमोर सोडले असता ते स्वतःच्याच प्रतिबिंबातील दिव्याकडे ओढले जाई आणि तेथे अडखळत, लुकलुकत, जणू नाचत राही. असे वर्तन एखाद्या प्राण्यात दिसले असते तर ते आत्मभानाचा पुरावा म्हणून स्वीकारले गेले असते, अशा आशयाची टिप्पणी वॉल्टर यांनी केली.

ही टिप्पणी दोन्ही बाजूंनी वाचता येते. यंत्रातही आत्मभान असू शकते असा तिचा एक अर्थ. आत्मभानाचा जो पुरावा मानला जातो तो पुरावाच कच्चा आहे, हा दुसरा. अलंकारशास्त्रात भ्रान्तिमान नावाचा अलंकार आहे. साम्यामुळे एका वस्तूच्या ठिकाणी दुसरीचा भास होतो आणि भास झालेला तशी कृतीही करतो. कामगंध सापळ्यात भ्रम पतंगाला होतो. सापळा लावणाऱ्याला खरे काय ते ठाऊक असते. काव्यातही भ्रम पात्राला होतो, कवीला आणि रसिकाला होत नाही. अलंकाराचे सौंदर्य या अंतरावरच अवलंबून असते. वॉल्टर यांच्या आरशासमोर मात्र भ्रमाची जागा बदलते. तेथे भुलण्याची शक्यता पाहणाऱ्याची आहे. यंत्राचा पहिला उपयोग असा की ते वाचकाला त्याच्या वाचनाविषयी सावध करते.

३

सावध करण्यापलीकडे यंत्र काही सांगते काय? येथे रातकिड्याचे उदाहरण महत्त्वाचे आहे.

‘ऐकणे’ या क्रियापदाचा विचार प्रथम करावा लागेल. औंढा नागनाथ परिसरात लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेला केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ च्या एप्रिलमध्ये मंजुरी दिली. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांतून लेसर किरण पाठवून विश्वातील अतिसूक्ष्म कंप टिपणाऱ्या अशा वेधशाळांना ‘विश्वाचे कान’ म्हणण्याची प्रथा आहे. ही चेतनगुणोक्ती आहे हे सर्वांना कळते. भुजांना काही ऐकू येते असे कोणी मानीत नाही. त्याच औंढ्याच्या रानात रात्री मादी रातकिडा नराचे गाणे ‘ऐकते’ असे म्हटले तर ते लाक्षणिक विधान की वाच्यार्थी? मादी ऐकते, ओळखते, दिशा ठरवते, दोन गाणाऱ्यांतून एकाची निवड करते. चार क्रियापदे म्हणजे मनाच्या चार कृती झाल्या. भाषेने मादीच्या आत एक श्रोता बसविला, आणि तो कोणाच्या लक्षातही आला नाही.

१९९० च्या दशकात बार्बरा वेब यांनी एडिंबरा येथे या वर्तनाचा रोबो बनविण्यास आरंभ केला. रातकिड्याचे कान पुढच्या पायांवर असतात आणि ते शरीरातील हवेच्या नलिकांनी एकमेकांशी जोडलेले असतात. त्यामुळे ध्वनी कानाच्या पडद्यावर बाहेरून पोहोचतो तसाच आतूनही पोहोचतो, आणि या दोहोंतील मेळामुळे ध्वनी ज्या बाजूने येतो त्या बाजूचा पडदा अधिक कंप पावतो. मात्र ही रचना ठरावीक तरंगलांबीच्या ध्वनीलाच नीट साथ देते. वेब यांनी यंत्राला असेच कान दिले आणि एकच साधा नियम दिला. ज्या बाजूचा घटक आधी उद्दीपित होईल त्या बाजूला वळायचे. एकदा उद्दीपित झालेल्या घटकाला पुन्हा सिद्ध होण्यास अवधी लागत असल्याने, गाण्यातील ठोक्यांचे अंतर योग्य असेल तरच यंत्र ध्वनीकडे नीट जाऊ शके. ते गेले. दोन ध्वनिक्षेपकांतून एकाच वेळी गाणे ऐकवले असता यंत्र दोहोंच्या मधोमध न भरकटता एकाकडे गेले. पाहणाऱ्याने त्याला ‘निवड’ म्हटले असते. यंत्रात निवड करणारा भाग नव्हताच.

या प्रयोगाचे मोल यंत्र रातकिड्यासारखे वागले एवढ्यात नाही. ‘ओळखणे’ आणि ‘दिशा ठरवणे’ या दोन स्वतंत्र पायऱ्या असल्या पाहिजेत, हे गृहीतक वर्णनाच्या भाषेने पुरविलेले होते. आधी कळते, मग वळते, हा क्रम मराठी वाक्प्रचारात इतका मुरलेला आहे की तो निसर्गाचाही असणार असे वाटते. यंत्राने दाखवून दिले की योग्य गाणेच वळण घडवून आणू शकते, आणि त्यासाठी वेगळी ओळख लागतेच असे नाही. वर्णनाचे व्याकरण आणि वर्तनाची रचना यांत एकास एक संबंध असतोच असे नाही, हा निष्कर्ष साहित्यसमीक्षकाला परका वाटू नये.

रोबो हे जैविक वर्तनाचे चांगले प्रतिमान ठरू शकतात काय, असा प्रश्न वेब यांनी २००१ मध्ये एका दीर्घ लेखात मांडला आणि प्रतिमान तपासण्याची सात परिमाणे सांगितली. त्यांतील एक माध्यमाचे आहे. कागदावरच्या समीकरणात वारा, घर्षण, खडबडीत जमीन यांचा समावेश जेवढा केला जातो तेवढाच असतो. रोबोला मात्र खऱ्या ध्वनीत आणि खऱ्या जमिनीवर चालावे लागते. तो चुकतो, आणि त्याची चूक प्रतिमान रचणाऱ्याने न सांगितलेले काही उघड करते. अलंकारशास्त्रात उपमेय उपमानाहून वरचढ ठरते तेथे व्यतिरेक मानतात. यंत्ररूपी उपमानाची खरी कसोटी व्यतिरेकात आहे. यंत्र जेथे कमी पडते तेथे प्राण्यात अजून काय आहे याचा शोध सुरू होतो, आणि हे ‘अजून काय’ आता मोघम राहत नाही.

४

उपमा, रूपक आणि अपन्हुती यांतील भेद येथे निर्णायक ठरतो. ‘रातकिडा या बाबतीत यंत्रासारखा आहे’ ही उपमा. ‘रातकिडा यंत्र आहे’ हे रूपक. ‘हा रातकिडा नव्हे, हे यंत्रच’ ही अपन्हुती. तीत उपमेयाचा निषेध करून त्याच्या जागी उपमानाची स्थापना केली जाते. काव्यात या तिन्ही उक्तींना सारखाच अधिकार आहे, कारण कवीच्या निषेधाने चंद्रमुखीचे मुख नाहीसे होत नाही. ज्ञानव्यवहारात तसे नाही. तेथे केलेल्या निषेधावर व्यवहार उभा राहतो. सतराव्या शतकात रने देकार्त यांनी प्राण्यांची तुलना स्वयंचलित यंत्रांशी केली. त्यांच्या अनुयायांनी प्राण्याच्या विव्हळण्याला यंत्राच्या आवाजाची प्रतिष्ठा दिली, असे परंपरेने सांगितले जाते. देकार्त यांना स्वतःला नेमके किती अभिप्रेत होते याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु उपमेचे अपन्हुतीत रूपांतर किती सहज होते, याचे हे उदाहरण म्हणून पुरेसे आहे.

या रूपांतरामागे एक तार्किक चूक आहे. यंत्राने एखादे वर्तन मनाविना घडवून दाखविले तर त्यातून ‘या वर्तनासाठी मन आवश्यक नाही’ एवढेच निष्पन्न होते. ‘हे वर्तन करणाऱ्या प्राण्याला मन नाही’ हे निष्पन्न होत नाही. पाणी पंपानेही वर चढते म्हणून नारळाच्या झाडात पंप आहे असे ठरत नाही. साध्या कारणाने भागत असेल तर श्रेष्ठ मानसिक शक्ती गृहीत धरू नये, हा लॉइड मॉर्गन यांनी १८९४ मध्ये सांगितलेला नियमही संशोधकाच्या संयमाचा नियम आहे. प्राण्याच्या अंतरंगाविषयीचा निर्णय नव्हे. पुरेसे असणे आणि प्रत्यक्षात असणे यांत अंतर आहे.

हे अंतर केवळ तर्कशास्त्राच्या वर्गात महत्त्वाचे आहे असे समजू नये. विदर्भ-मराठवाड्यात ज्याला शंकरपट म्हणतात त्या बैलांच्या शर्यतीविषयीचा दीर्घ न्यायालयीन वाद मूलतः वर्तनाच्या वाचनाचा वाद होता. बैल धावतो हे सर्वांना दिसते. तो उमेदीने धावतो की भयाने? पट्टीच्या जोडीचा मालक म्हणतो, पट पाहिला की बैलच थांबत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ च्या निकालात ही धाव भयाची आणि वेदनेची मानली आणि प्राण्याला अंगभूत मूल्य व प्रतिष्ठा असल्याचे म्हटले. पुढे राज्यांनी कायद्यात दुरुस्त्या केल्या आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने महाराष्ट्रासह तीन राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरविल्या. कोणता निकाल योग्य, हा येथील मुद्दा नाही. टोचले असता धावणारे यंत्र बनविणे आज सहज शक्य आहे, आणि त्या यंत्राने हा वाद सुटणार नाही, हा मुद्दा आहे. ते यंत्र एवढेच सांगेल की धावण्यावरून वेदना सिद्ध होत नाही. वेदना नाही असे सांगण्याचा अधिकार त्याला नाही. तरीही कोणी त्याच्या आधारे तसे सांगू लागला, तर त्या अनुमानाची किंमत अनुमान करणारा मोजीत नाही. ती बैल मोजतो. म्हणून येथील तर्कदोष हा नैतिक दोषही आहे.

पोळ्याच्या दिवशी ज्यांच्या दावणीला जित्राब नाही ते मातीचे बैल आणून पूजतात. मातीचा बैलही प्रतिरूपच आहे, परंतु त्याची दिशा उलटी आहे. तेथे खऱ्या बैलाचा मान प्रतिरूपाकडे जातो. यंत्राच्या अपन्हुतीत प्रतिरूपाची निर्जीवता खऱ्या बैलाकडे येते. अर्थात, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तोच बैल पुन्हा जुवाखाली असतो आणि पराणीही तीच असते, हे विसरून या प्रथेचे गुणगान करणे अप्रामाणिकपणाचे होईल. मान देणे आणि वेठीला धरणे एका घरात नांदू शकतात.

५

याच्या विरुद्ध टोकाचा दोष साहित्याच्या क्षेत्रात अधिक संभवतो. प्राण्याच्या अंगी सरसकट मानवी भाव चिकटवणे ही पंचतंत्रापासून चालत आलेली वाट आहे, आणि तेथे ती दोषास्पदही नाही, कारण तेथील कोल्हा हा कोल्हा असण्याचा दावा करीत नाही. व्यंकटेश माडगूळकर यांच्या ‘सत्तांतर’ या १९८२ च्या कादंबरीचा दावा मात्र वेगळा आहे. साहित्य अकादमी पुरस्कार लाभलेल्या या कादंबरीतील वानरे माणसाची सोंगे नाहीत. ती वानरेच आहेत. तरीही शीर्षक मानवी राजकारणातून आलेले आहे. हा दोष केवळ कादंबरीकाराचा मानता येणार नाही. नव्या नराने टोळी ताब्यात घेणे आणि पिलांना मारणे या घटनांची नोंद धारवाडच्या परिसरात युकिमारू सुगियामा यांनी १९६० च्या दशकात केली. नंतर सारा हर्डी यांनी त्यामागे प्रजननाचे धोरण पाहिले. ‘ताबा’ आणि ‘धोरण’ ही शास्त्राची रूपके आहेत. पुढे शार्लट हेमेलरेक यांनी संगणकावरील प्रतिमानांतून दाखविले की, जवळ राहण्याचे आणि झुंजण्याचे मोजके नियम पाळणाऱ्या कल्पित प्राण्यांतही वानरसमाजासारखी उतरंड कोणत्याही धोरणाविना उभी राहते. म्हणून ‘सत्तांतर’ खोटे ठरते काय? नाही. परंतु सत्ता हा शब्द वानरांच्या मनात आहे की टोळीच्या रचनेत आहे की वाचकाच्या अनुभवात, हा प्रश्न आता टाळता येत नाही. यंत्र येथे कादंबरीचा प्रतिस्पर्धी नाही; ते समीक्षेचे एक साधन झाले आहे.

वेडा राघू या पाखराचे उदाहरण दुसऱ्या बाजूने बोलके आहे. मातीच्या दरडीत बिळासारखे घरटे करणाऱ्या या पाखराला मराठीने वेडा ठरविले. पुण्याच्या गरवारे महाविद्यालयातील मिलिंद वाटवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले की, घरटे दिसू शकेल अशा जागी माणूस उभा असेल तर पाखरू घरट्यात जाणे टाळते. तेवढ्याच अंतरावर, परंतु घरटे दिसणार नाही अशा जागी तो असेल तर ते कमी कचरते. पाखराला स्वतःला काय दिसते एवढ्यावर हे अवलंबून नाही; दुसऱ्याला काय दिसते याचा हिशेब त्यात आहे. यावर ‘पाखराला परक्याचे मन कळते’ असे म्हणायचे की ‘एखादा साधा नियम पुरे’ असे म्हणायचे? येथे यंत्राचे आव्हान दोन्ही पक्षांना सारखेच आहे. साधा नियम पुरे म्हणणाऱ्याने तो नियम नेमका सांगावा आणि दरडीसमोर चालवून दाखवावा. मन कळते म्हणणाऱ्याने, नियमाने जे घडणार नाही असे वर्तन दाखवावे. मोघम औदार्य आणि मोघम कार्पण्य दोन्ही येथे नापास होतात.

यंत्र आणि प्राणी यांतील सीमा एकतर्फी नाही, हेही नोंदविले पाहिजे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय प्रयोगात झुरळांचा गंध दिलेले छोटे रोबो झुरळांत सोडले होते. झुरळांना एरवी अंधारा आडोसा प्रिय. उजेडाचा आडोसा पसंत करणाऱ्या रोबोंच्या संगतीने समूह पुष्कळदा उजेडाच्या आडोशाला गेला. काही वेळा मात्र उलट घडले. झुरळांच्या संगतीने रोबोच अंधारात गेले. समूह म्हणजे कोण, हा प्रश्न त्या आडोशाखाली अनिर्णित राहतो.

६

मराठी परंपरेत या प्रश्नाची एक जुनी कथा आहे. पैठणच्या धर्मसभेत ज्ञानेश्वरांनी रेड्याच्या मुखातून वेद वदविले, ही कथेची एक बाजू सर्वतोमुखी आहे. दुसरी बाजू अशी की रेड्याच्या पाठीवर आसूड बसला तेव्हा त्याचे वळ ज्ञानेश्वरांच्या पाठीवर उमटले. कथेतील सभेला पटला तो बहुधा पहिला पुरावा, वर्तनाचा. आज तो पुरावा सर्वांत दुबळा ठरला आहे. वेद म्हणणारे यंत्र पूर्वीच झाले; विचारल्या प्रश्नाला सुसंगत उत्तर देणारी भाषिक यंत्रेही आता सर्वपरिचित आहेत. मुखातून काय बाहेर पडते यावरून आत कोण आहे हे ठरविण्याचा मार्ग उत्तरोत्तर बंद होत चालला आहे. वळांचा पुरावा मात्र वेगळ्या जातीचा आहे. तो रेड्याच्या बुद्धीविषयी काहीच सांगत नाही. मारणारा, मार खाणारा आणि पाहणारा यांच्या संबंधाविषयी तो सांगतो.

यंत्राला चटका बसत नाही, भूक लागत नाही, गमावण्यासारखे त्याच्यापाशी काही नसते. निदान आजच्या यंत्राविषयी एवढे म्हणता येते. बॅटरी संपणे आणि उपाशी मरणे यांतील साम्य उपमेपुरते आहे. रातकिड्याच्या रोबोने रातकिड्याच्या वळण्याविषयी जे शिकविले ते खरे आहे आणि ते कृतज्ञतेने स्वीकारले पाहिजे. ते वळणे चुकले तर रातकिड्याचे काय होते, आणि रोबोचे काय होते, हा व्यतिरेक मात्र कोणत्याही यंत्राच्या सुधारणेने आपोआप मिटत नाही.

हिंगोलीपासून जवळच असलेले नर्सी हे परंपरेने नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. कोरडी भाकरी तोंडात धरून पळणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, अशी आख्यायिका आहे. तिचा अर्थ सामान्यतः सर्वांभूती ईश्वर या तत्त्वाने लावला जातो, आणि भक्तिविचारात तो योग्यच आहे. प्रस्तुत विवेचनाच्या संदर्भात तिच्यातील एक तपशील लक्षणीय वाटतो. कुत्र्याला तुपाची चव कळते काय, त्याला आत्मभान आहे काय, हे निश्चित झाल्यावर नामदेव धावले असे कथा सांगत नाही. भाकरी कोरडी आहे, एवढे त्यांना दिसले. प्राण्याच्या अंतरंगाविषयीचे संशोधन पिढ्यान् पिढ्या चालू राहील, आणि त्यात यंत्राचे साहाय्य वाढतच जाईल. ते पूर्ण होईपर्यंत प्राण्याशी कसे वागावे हा प्रश्न स्थगित ठेवता येत नाही. संशयाचा फायदा द्यायचाच असेल तर तो प्रथम कोणाला द्यायचा, हे ठरविण्यासाठी रोबोची वाट पाहण्याचे कारण नाही.